नोटीस बोर्डावर माझं नाव

वयाच्या ६१ व्या वर्षी मी दुसरं लग्न केलं. पुण्या-मुंबईत नाही, अमळनेरला. जिथे भाजी घ्यायला गेलं तरी दोन माजी विद्यार्थी आणि एखाद्याची आई भेटतेच, तिथे. तेव्हापासून बायका मला गाठून विचारतात. देवळाच्या पायरीवर, एस.टी.त, एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते तेव्हा. ‘बाई, का केलं’ हे कुणी विचारत नाही, ते त्यांचं त्यांना कळतं. ‘कसं केलं’ विचारतात आणि लगेच इकडेतिकडे बघतात. म्हणून कसं केलं तेवढं लिहिते.

माझे मिस्टर २००९ साली हार्टॲटॅकने गेले. मी तेव्हा ४६ वर्षांची. मुलगा बारावीला, मुलगी नववीत. पुढची वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी होती म्हणून निभावलं. मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला लागला, मुलगी सुरतला दिली, उधन्याला. आपल्याकडची कितीतरी माणसं तिकडेच आहेत. अमळनेरला गाडीत बसायचं आणि सुरतला उतरायचं. ५८ पुरी झाली, निवृत्त झाले आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच दिवसभर घरी राहिले. घरात दिवसभर कुणीच नसतं हे तेव्हा कळलं.

नानांची ओळख बँकेत झाली. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांची जत्रा. हयातीच्या यादीवर सही करायची, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं. माझा पहिलाच नोव्हेंबर, यादीत नाव सापडेना. मागून कुणी तरी म्हणालं, “मॅडम, जिल्हा परिषदेची यादी वेगळी असते. ती पलीकडच्या टेबलावर.” तेच नाना. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी गिरणेच्या कालव्यांवर. जामद्याच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं की ते शेवटच्या चारीपर्यंत पोचतं की नाही, हे बघण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे रांगेत मागे राहिलेल्याकडे त्यांचं लक्ष आपोआप जातं. बायको कॅन्सरने गेलेली. थोरला मुलगा भडगाव तालुक्यात गावी शेती बघतो, धाकटा नाशिकला कंपनीत. स्वतः अमळनेरला घर बांधून एकटे राहायचे, स्वयंपाक स्वतः करायचे.

पुढे प्रताप कॉलेजच्या मैदानावर सकाळी फिरताना भेट व्हायची. आमच्यासारखे पाच-सहा जण होते, पेपरातली बातमी काढायची आणि त्यावर भांडायचं. यात प्रेमाचं काही नव्हतं. होतं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तेव्हा तरी नव्हतं.

ते झालं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि सुरुवातीला दर दोन तासांनी थेंब. मुलगी सुरतहून आली, चार दिवस राहिली, तिच्या मुलीची परीक्षा म्हणून परत गेली. मुलाला रजा मिळेना. माझ्या हाताने माझ्याच डोळ्यात थेंब काही पडेना. गालावर पडायचे, उशीवर पडायचे. नानांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरासमोर, ओट्यावर येऊन बसले. आत आले नाहीत. मोबाईलमध्ये गजर लावलेला. गजर झाला की शेजारच्या नववीतल्या मुलीला हाक मारायचे, “बेटा, थेंबांची वेळ झाली.” ती आत यायची, थेंब टाकायची, जायची. ती शाळेत गेली की तिची आजी यायची, पण तिचा हात थरथरायचा, म्हणून नाना खिडकीतून सांगायचे, “आजी, खालची पापणी ओढा, वरची नको.” औषधांच्या वेळा त्यांनी कालव्याच्या पाळीपत्रकासारख्या आखून कागदावर लिहिल्या होत्या: पांढऱ्या झाकणाची बाटली, गुलाबी झाकणाची बाटली, पुढे खुणा. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. कुणी बोट दाखवू नये म्हणून तो माणूस जानेवारीच्या थंडीत मफलर गुंडाळून बाहेर बसला होता. लोकांनी बोट दाखवलं ते दाखवलंच.

वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथून आम्ही सगळे परत येत होतो, बाकीचे पुढे गेले होते. मी विचारलं, “नाना, तुम्ही असं किती दिवस ओट्यावर बसणार?” त्यांना लगेच कळलं. बरंच चालल्यावर म्हणाले, “मुलांना विचारावं लागेल.” मी म्हटलं, “विचारलं तर नाहीच म्हणतील. सांगावं लागेल.”

इथे थोडं मागचं सांगते, कारण ‘आपल्यात असलं नसतं’ हे वाक्य मी त्यानंतर इतक्या तोंडांनी ऐकलं की कान किटले. आपल्यात होतं. खानदेशात कुणबी, माळी आणि अशा कितीतरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा. माझी आजी पाटाच्या गोष्टी सांगायची: रात्रीच्या अंधारात लावायचा, सवाष्णींनी त्या वेळी नवरीचं तोंड बघायचं नाही, वाजंत्री नाही. मान नव्हता, पण वाट होती. वाट नव्हती ती ब्राह्मणांत. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. पुढे त्यांच्यात सुधारणा आली आणि आमच्यातली माणसं शिकली-सवरली तशी पाट लावणं त्यांना कमीपणाचं वाटू लागलं. म्हणजे आम्ही सुधारलो आणि विधवेला घरात बसवलं. माझे थोरले दीर, आबा, ‘घराण्याची रीत’ म्हणाले तेव्हा मी त्यांना त्यांच्याच चुलत आजीची आठवण करून दिली. ते उठून पाणी प्यायला गेले.

दिवाळीला सगळे घरी आले तेव्हा मी सांगितलं. फराळाची ताटं समोर होती. मुलगी आधी रडली. “मला सासरी काय तोंड राहील, मम्मी?” जावई मात्र शांत होते. सुरतला कापडाच्या मार्केटमध्ये हिशेब बघतात, त्यांना कागदाची भाषा कळते. मुलगा काहीच बोलला नाही, ताटातली शंकरपाळी एकेक मोडत राहिला. सूनही गप्प. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि बाळंतपणाला मी पुण्याला जाऊन सहा महिने राहणार, असं मला न विचारताच ठरलेलं होतं. तिचा राग मला कळला. त्या घरात त्या क्षणी सगळ्यात खरी अडचण तिचीच होती.

गावाहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. त्या अहिराणीशिवाय बोलत नाहीत. “माय वो, या वयमा? तुले काय कमी शे?” मी म्हटलं, जिजी, कमी काही नाही. “मंग लोकेस्ले काय सांगानं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. लोकांना काय सांगायचं ते लोकांनी ठरवावं.

नानांच्या धाकट्या मुलाने नाशिकहून मधला मार्ग सुचवला. लग्न कशाला, नुसतं एकत्र राहा. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळच काढलंय, तिकडे लोक राहतात. मुलगा चांगल्या मनाने बोलला आणि ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर करावं. कागदपत्रांचा गुंता त्यात कमी असतो हे खरं. पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये समोरच्या दारातला माणूस ओळखत नाही. अमळनेरला पाण्याचा टँकरवालासुद्धा ‘बाईंकडे आज कोण आलंय’ ते सांगतो. माझ्यासारखीला इथे एकच नाव पडलं असतं आणि ते नाव मी शाळेच्या भिंतीवर पोरांनी लिहिलेलं पाहिलेलं आहे. मला दाखला हवा होता. सरकारी, शिक्क्याचा.

पुढच्या दोन महिन्यांत आक्षेप आले ते सगळे जमिनीचे आणि घराचे. गावाकडे मिस्टरांच्या वाट्याची चार एकर कोरडवाहू, सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं, मुलाचं, मुलीचं नाव. अमळनेरचं घर मिस्टरांच्या नावावर होतं, तेही आम्हा तिघांच्या नावावर आलेलं. भाऊबंदकीत बसलेल्या बैठकीत एकाने ठासून सांगितलं, दुसरं लग्न केलं की बाईचा पहिल्याच्या इस्टेटीवरचा हक्क संपला. त्या गृहस्थांचं ज्ञान जुनं होतं, पण अगदीच हवेतलं नव्हतं. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने लग्नाला परवानगी दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ते बदललं. त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे नवऱ्याकडून वारसाने आलेला वाटा बाईच्या पूर्ण मालकीचा. नंतर लग्न केलं म्हणून तो परत घेता येत नाही. १८५६ चा कायदा तर १९८३ मध्ये रद्दच झाला. आमच्या वकीलबाईंनी हे मला तीनदा समजावलं, कारण पहिल्या दोन वेळा माझा विश्वास बसला नाही. बाईच्या बाजूने कायदा इतका सरळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणखी एकाने काढलं की स्पेशल मॅरेज ॲक्टने, म्हणजे नोंदणी पद्धतीने, लग्न केलं की हिंदूंचा वारसा कायदाच लागू होत नाही, मुलं अडचणीत येतील. तेही अर्धवट. १९७६ मध्ये त्यात २१-अ कलम घातलं. दोघं हिंदू असतील तर वारसा हिंदू कायद्यानेच चालतो. नानांची जात वेगळी, पण दोघं हिंदूच. माझी पेन्शन माझ्या नोकरीची, ती लग्नाने जात नाही.

मुलाचं म्हणणं एवढंच होतं की घर आत्ताच त्याच्या नावे बक्षीसपत्र करून टाक. मोह पडावा असं ते आहे: राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना बक्षीस द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपयांचा, वर नोंदणीचा थोडा खर्च. दुपारी गेलं तर संध्याकाळपर्यंत होऊन जातं. मी नाही म्हटलं आणि माझ्या वयाच्या प्रत्येक बाईला हेच सांगेन: जिवंतपणी घराचं बक्षीसपत्र करू नका, मुलगा कितीही गुणी असला तरी. माझा गुणी आहे. मृत्युपत्र करा. ते आपण असेपर्यंत बदलता येतं, दोन साक्षीदार लागतात, ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. नोंदणी सक्तीची नाही, पण आम्ही दोघांनी केली, म्हणजे पुढे कुणी ‘सही आईची नाही’ म्हणायला नको. माझ्या वाट्याचं घर माझ्या दोन्ही मुलांना, नानांचं घर-शेत त्यांच्या दोन्ही मुलांना. फक्त एक ओळ नानांनी हट्टाने घातली, की ते आधी गेले तर मी हयात असेपर्यंत त्यांच्या घरात राहीन आणि मला कुणी उठवायचं नाही. ती ओळ वाचताना त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, “हे लिहायला कशाला पाहिजे?” वकीलबाई म्हणाल्या, “लिहायला पाहिजे.”

आणि गावच्या चार एकरातला माझा वाटा मी हक्कसोडपत्राने मुलाला आणि मुलीला देऊन टाकला. तो माझा निर्णय, कुणाच्या बैठकीचा नाही. ते शेत सासऱ्यांचं, मी तिथे कधी तिफण धरली नाही, त्याच्या उत्पन्नातून कधी साडी घेतली नाही. घर मात्र वेगळं. त्याचे हप्ते माझ्या पगारातून गेले होते.

हक्कसोडपत्रावर सह्या करायला मुलगा पुण्याहून आला. काम आटोपून आम्ही घरी आलो. मी चहा टाकला. तो पुढच्या खोलीत बसला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. मी कप घेऊन आले तर तो वर बघत होता. मिस्टरांचा फोटो तिथे आहे, लग्नाआधीचा, कॉलर मोठी, केस मागे फिरवलेले. त्यावर चंदनाचा हार. दर वर्षी पितृपक्षात मी तो पुसते.

म्हणाला, “हा काढणार का?”

मी म्हटलं, “कशाला काढू?”

“मग तिकडे नेणार?”

“नाही. इथेच राहील.”

चहा गार झाला. मग तो म्हणाला, “आखाजीला पप्पांची घागर कोण भरणार?” आणि हा ३२ वर्षांचा पोरगा, टीम लीडर का काय आहे तो, ढसाढसा रडला. बारावीच्या परीक्षेच्या आधी बाप गेला तेव्हा तो असा रडला नव्हता. तेव्हा सगळे त्याला सांगत होते, तू आता घरातला कर्ता.

बाहेरच्या माणसाला कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा खानदेशात दिवाळीएवढा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा, आमरसाचा नैवेद्य दाखवतात. भर उन्हाळ्यात गेलेल्या जिवाला पाणी. मुलगा पुण्याला गेल्यापासून आखाजीला क्वचितच आलेला, घागर मीच भरत होते. त्याला वाटत होतं की मी त्या घरातून गेले की वडील दुसऱ्यांदा जातील. चार एकर, बक्षीसपत्र, लोक काय म्हणतील, हे सगळं त्यावरचं पांघरूण होतं. कागद एकेक करून मिटवले नसते तर ते मला कधी दिसलं नसतं, आणि बहुधा त्यालाही नाही.

मी सांगितलं, “मीच भरणार. याच घरात. किल्ली माझ्याकडेच आहे.” तो काही बोलला नाही. लग्नाला येणार नाही म्हणाला आणि आला नाही. पण त्यानंतर जमिनीचा विषय त्याने एकदाही काढला नाही.

नोंदणीचं आता थोडक्यात. देवळात हार घालून, मग नोंद करूनही चाललं असतं आणि ते लवकर झालं असतं. स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा. मग ती नोटीस विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ३० दिवस बोर्डावर लागते. पळून जाणाऱ्या पोरापोरींचे या नोटिशीपायी हाल होतात, त्या बाबतीत ही तरतूद मला मुळीच पटत नाही. पण आम्ही ती मुद्दाम निवडली. ज्याला बोलायचंय त्याने महिनाभर येऊन बोलावं. आक्षेप कुणीही घेऊ शकतं, पण कारणं ठरलेली: कुणाचा आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याइतकी मनाची स्थिती ठीक नसणं, निषिद्ध नात्यातलं लग्न असणं. ‘पोरांना पसंत नाही’ हे कारण कायद्यात नाही. आमच्या वयाचं तर कुणी नावच घेऊ शकत नव्हतं.

जळगावच्या बोर्डावर आमची नोटीस लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी तिचा फोटो काढून भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर आमचे पासपोर्ट साइजचे फोटो, खाली नावं, वय, पत्ता. ग्रुपवर एक लांबच्या नात्यातले काका आहेत, ते मजकूर न वाचता उत्तर देतात. त्यांनी पहिलंच लिहिलं: भावपूर्ण श्रद्धांजली. त्यावर सवयीने आणखी चौघांनी हात जोडले. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. ज्या ग्रुपवर मी दर वाढदिवसाला शुभेच्छा देत होते तिथे नंतर जे लिहिलं गेलं ते मी इथे लिहीत नाही. आक्षेप घ्यायला मात्र कार्यालयात कुणी फिरकलं नाही.

३० दिवस झाले की नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आम्ही २०२४ च्या फेब्रुवारीत केलं. तीन साक्षीदार लागतात. माझी शाळेतली मैत्रीण, नानांचे कालव्यावरचे सहकारी, आणि तिसरे म्हणून ज्यांना सांगितलं होतं ते आदल्या रात्री ‘बरं वाटत नाही’ म्हणाले. सकाळी नानांचा धाकटा नाशिकहून हजर. मागे उभा राहिला, सही केली, आधार कार्डाची झेरॉक्स दिली आणि मला वाकून नमस्कार केला. नानांना प्रतिज्ञा नीट वाचता येईना, चष्मा गाडीत राहिला होता. दुपारी सगळ्यांनी शेवभाजी खाल्ली. नाव मी बदललं नाही. पेन्शन, पॅन, आधार, बँक, एवढ्या ठिकाणी कोण फिरणार?

लग्नानंतर मी नानांच्या घरी राहायला गेले. आखाजीला सकाळी आधी माझ्या जुन्या घरी मिस्टरांची घागर, मग इकडे येऊन नानांच्या बायकोची. नानांनी तिची घागर स्वतः भरली. डांगर कुठे ठेवायचं ते मला विचारलं, कारण ते काम आधी तीच करायची. मुलगी सुरतहून आली ती जुन्या घरी उतरली. तिथेच राहिली, मी जाऊन-येऊन. दुपारी नाना आंबे घेऊन आले तेव्हा तिने त्यांना ‘काका’ म्हटलं. बसा म्हणाली नाही. पण आंबे कापले आणि त्यांच्यासाठी वाटी भरून दिली.

खरी परीक्षा श्रावणात झाली, कानबाईला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते, आणि तिच्या नैवेद्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचंच पीठ, त्याच्याच पुऱ्या-पोळ्या. परक्याला त्यातला घास नाही, दिलेल्या लेकीलासुद्धा नाही. इतकी वर्षं सासरच्या गावी मी त्या पिठाच्या परातीला बसले. या वेळी तिकडून बोलावणं आलं नाही, आणि खरं सांगायचं तर रितीप्रमाणे ते येणारच नव्हतं. नानांच्या गावी गेले तर तिथल्या बायका कुजबुजत होत्या, हिला पीठ मळू द्यायचं का. नव्या सुनेला देतात. पण ६१ वर्षांची नवी सून त्यांनीही पाहिली नव्हती. मी उंबऱ्याशी उभी. नानांची चुलती, नव्वदीला टेकलेली, भिंतीला टेकून बसलेली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग थोरल्या सुनेवर ओरडली, “उभी काय राह्यनी? हाई आते आम्हनी शे. तिले परात दे.”

परात मिळाली. नानांचा थोरला मुलगा जेवायला शेवटच्या पंगतीला बसला आणि माझ्याशी बोलला नाही. अजूनही कामापुरतंच बोलतो.

माझा मुलगा अमळनेरला येतो तो जुन्या घरी. नानांच्या घराची पायरी अजून चढलेला नाही. मी तिकडे जाऊन कळण्याची भाकरी आणि भरीत करते, तो दोन वाढून घेतो. घरपट्टी यंदा त्यानेच भरली, मला न सांगता. बाळंतपणाला मी पुण्याला गेले होते, सहा महिने नाही, दीड महिना. नाना अमळनेरहून रोज रात्री फोन करायचे आणि सून फोन माझ्या हातात देताना तोंड फिरवायची. निघायच्या आधी मात्र तिने विचारलं, “आई, काकांना मधुमेह आहे ना? मग हे डिंकाचे लाडू नेऊ नका, मी वेगळं काही देते.”

मागच्या महिन्यात तिचा दुपारच्या वेळी फोन आला. मुलगा ऑफिसात असताना ती सहसा फोन करत नाही. आधी नातवाचे दात, मग पुण्यातला पाऊस, मग म्हणाली, “माझी शिरपूरची मावशी आहे ना... तिला विचारायचं होतं. कागद काय काय लागतात?”

मी म्हटलं, लिहून घे. दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, आणि दोघांच्याही आधीच्या जोडीदारांचे मृत्यूचे दाखले, मूळ प्रती. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स घरूनच काढून न्या म्हणावं. मावशीचं धुळ्याला होईल, पण सरकारी ऑफिस म्हटलं की बाहेरचा झेरॉक्सवाला दुपारी जेवायला जातो आणि चारशिवाय येत नाही.